रस्त्यांच्या अंकीय माहितीची पारख : वडनेर भोलजी परिसराच्या आधारे एक अभ्यास

एखाद्या गावाला रस्ता आहे किंवा नाही, हा प्रश्न पूर्वी गावात जाऊन सोडविला जात असे. आता तो पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर सोडविला जातो. वस्तीपासून शाळा किती अंतरावर आहे, रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचविण्यास किती वेळ लागेल, एस.टी.ची नवी फेरी कोणत्या गावांना उपयोगी पडेल, या प्रश्नांची उत्तरे रस्त्यांच्या अंकीय नकाशावरून काढली जातात. लोकांच्या ये-जा करण्याचा जो शास्त्रशुद्ध अभ्यास आज विद्यापीठांतून व नियोजन संस्थांतून होत आहे, त्याचा पायाही हीच माहिती आहे. पाया कच्चा असेल तर त्यावरील गणित कितीही बिनचूक असले तरी निष्कर्ष चुकतो, आणि त्या चुकीची किंमत रस्त्याने चालणाऱ्या माणसाला मोजावी लागते. यास्तव ही माहिती कशी पारखावी, याची किमान ओळख अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

या विवेचनासाठी बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव आधारास घेतले आहे. मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ते वसले आहे. महामार्ग, जवळपास त्याच दिशेने जाणारा मुंबई–नागपूर लोहमार्ग, आसपासच्या खेड्यांना जोडणारे ग्रामीण मार्ग आणि काळ्या मातीतील पाणंद रस्ते अशी सर्व प्रकारची वाट या परिसरात आढळते. त्यामुळे पारखीच्या बहुतेक सर्व कसोट्या येथे समजावून घेता येतात.

नकाशा आणि जाळे यांतील भेद

कागदावरील नकाशा डोळ्यांसाठी असतो. अंकीय जाळे गणितासाठी असते. या जाळ्यात रस्त्यांचे चौक, फाटे व टोके हे ‘बिंदू’ असतात आणि दोन बिंदूंमधील रस्त्याचा तुकडा हा ‘दुवा’ असतो. प्रत्येक दुव्यासोबत त्याची लांबी, प्रकार, पृष्ठभाग, रुंदी, वाहतुकीची दिशा इत्यादी तपशील जोडलेला असतो. दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत डच गणितज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. आजची बहुतेक मार्गशोधक साधने तिच्याच सुधारलेल्या रूपांवर चालतात.

ही रीत केवळ जोडलेल्या दुव्यांवरून चालू शकते. दोन रस्ते पडद्यावर एकमेकांस टेकलेले दिसत असले, पण त्यांच्यात सामाईक बिंदू नसेल, तर संगणकाच्या लेखी ते तुटलेलेच असतात. डोळ्यांना न दिसणारी अर्ध्या मीटरची फट एखादे सबंध गाव जाळ्याबाहेर टाकू शकते. म्हणून सुबक दिसणारा नकाशा अभ्यासास योग्य असेलच असे मानता येत नाही.

माहितीचे उगम

आपल्या राज्यातील रस्त्यांची माहिती एका ठिकाणाहून येत नाही. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांचे राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व ग्रामीण असे वर्गीकरण केले आणि पुढे तेच रूढ झाले. सर्वसाधारणपणे राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. पाणंद व शिवेवरील वाटा महसुली गाव नकाशावर असतात. प्रत्येक यंत्रणेची नोंद तिच्या कामापुरती बरोबर असली तरी या नोंदी आपोआप एकमेकींस जुळत नाहीत.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेमुळे ग्रामीण रस्त्यांची संगणकीय नोंद मोठ्या प्रमाणावर झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने ही भौगोलिक माहिती सर्वांसाठी खुली केली. तीत २५ लाख किलोमीटरहून अधिक ग्रामीण रस्ते, १० लाखांहून अधिक वस्त्या आणि ८ लाखांहून अधिक ग्रामीण सुविधास्थानांचा अंतर्भाव आहे.

दुसरा मोठा उगम म्हणजे २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा खुला नकाशा. तो जगभरातील स्वयंसेवक तयार करतात. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भूकंप झाला तेव्हा दूरदेशीच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तेथील रस्ते काही दिवसांत रेखाटले व मदतकार्यास त्यांचा उपयोग झाला. मात्र ज्या भागाकडे कोणाचे लक्ष जात नाही, तो भाग अशा नकाशात कोरा राहण्याचा संभव असतो. लंडनमधील संशोधक मुकी हॅकले यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या नकाशाची तुलना ब्रिटनच्या शासकीय नकाशाशी केली. नोंदलेल्या वस्तूंचे स्थान सरासरी सुमारे ६ मीटरच्या आत बरोबर आढळले; तथापि पहिल्या चार वर्षांत इंग्लंडच्या केवळ २९ टक्के क्षेत्राचीच नोंद झाली होती. जे नोंदले ते चांगले, पण नोंदलेच थोडे, असा त्याचा अर्थ. पुढे २०१७ साली बॅरिंग्टन-ली व मिलार्ड-बॉल यांनी केलेल्या अभ्यासानुसार जगातील सुमारे ८३ टक्के रस्ते या नकाशात आले होते. जागतिक सरासरी एवढी चांगली असली तरी तिच्यावरून एखाद्या तालुक्याची स्थिती ठरविता येत नाही. ती त्या तालुक्यातच तपासावी लागते.

पारखीच्या पाच कसोट्या

भौगोलिक माहितीच्या गुणवत्तेसाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१३ साली १९१५७ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यातील प्रमुख कसोट्या ग्रामीण रस्त्यांना लावून पाहिल्या असता पुढील चित्र दिसते.

(१) पूर्णता : जे रस्ते जमिनीवर आहेत ते माहितीत आहेत काय, आणि जे जमिनीवर नाहीत ते तर माहितीत शिरलेले नाहीत ना, अशी ही दुहेरी कसोटी आहे. उपग्रहचित्रावरून रेखाटताना शेताचा रुंद बांध किंवा कालव्याची कड रस्ता म्हणून नोंदली जाऊ शकते. उलट झाडांच्या सावलीतील पायवाट निसटू शकते. येथे एक दक्षता आवश्यक आहे. महामार्ग जवळजवळ प्रत्येक नकाशात असतो. त्यामुळे सर्व रस्त्यांची एकत्र टक्केवारी काढली तर ती फसवी ठरते. महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग व पाणंद यांची पूर्णता वेगवेगळी मोजली पाहिजे.

(२) स्थानाची अचूकता : रस्ता जेथे आहे तेथेच दाखविला आहे काय? आपल्या देशात या प्रश्नास एक ऐतिहासिक बाजू आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ सालची. पुढे त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाचा आरंभ करणारे विल्यम लँबटन यांचे १८२३ साली विदर्भातच, हिंगणघाट येथे निधन झाले. या सर्वेक्षणाचे नकाशे पृथ्वीच्या ज्या मानीव आकारावर आधारले होते, तो ‘एव्हरेस्ट’ आकार आजच्या उपग्रहीय मापनातील आकाराहून भिन्न आहे. म्हणून जुन्या नकाशावरून घेतलेली रेषा रूपांतर न करता आजच्या नकाशावर ठेवल्यास ती शंभर मीटर वा त्याहूनही अधिक सरकलेली दिसू शकते. सर्व रस्ते एकाच दिशेने सारखेच सरकलेले दिसले तर ही चूक सर्वेक्षकाची नसून रूपांतराची आहे, असे समजावे.

(३) तार्किक सुसंगती : दुवे योग्य ठिकाणी जोडलेले आहेत काय? न जोडलेल्या फाट्याचे उदाहरण वर आले आहे. याच्या उलट चूक उड्डाणपुलांच्या ठिकाणी होते. लोहमार्गावरून किंवा महामार्गावरून जाणारा रस्ता खालच्या मार्गास मिळत नसतानाही जोडलेला दाखविला, तर संगणक पुलावरून थेट खाली उतरण्याचा अशक्य मार्ग सुचवितो. दुभाजक असलेला महामार्गही लक्षपूर्वक तपासावा लागतो. गाव एका बाजूस आणि शेते दुसऱ्या बाजूस असतील, तर दुभाजकातील मोकळीक अथवा भुयारी मार्ग कोठे आहे यावर शेतकऱ्याचे रोजचे अंतर अवलंबून असते. महामार्ग एकाच रेषेने दाखविला व कोठूनही ओलांडता येतो असे मानले, तर बैलगाडीला पडणारा वळसा हिशेबात येतच नाही.

(४) गुणविशेषांची अचूकता : रस्त्याचे नाव, क्रमांक, प्रकार व पृष्ठभाग बरोबर आहेत काय? वडनेर भोलजी येथील महामार्ग जुन्या कागदपत्रांत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ आहे. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर तो ५३ झाला. आशियाई महामार्गांच्या यादीत तोच ४६ आहे. जुन्या व नव्या नोंदी क्रमांकावरून जुळविल्यास एकच रस्ता दोनदा मोजला जाण्याचा धोका आहे.

गावांच्या नावांबाबत हा धोका अधिक आहे. वडनेर नावाची गावे राज्यात अनेक आहेत. नाशिक जिल्ह्यात वडनेर भैरव, अमरावती जिल्ह्यात वडनेर गंगाई, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात वडनेर, आणि बुलढाण्यात वडनेर भोलजी. यांपैकी हिंगणघाट तालुक्यातील वडनेरही राष्ट्रीय महामार्गावरच आहे. शिवाय रोमन लिपीत हेच नाव कोणी ‘व्ही’ने तर कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो. जिल्ह्याचे नावही बुलढाणा व बुलडाणा असे दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळते. महामार्गाच्या चौपदरीकरणातील ‘अमरावती–चिखली’ या टप्प्याचे नाव वाचून जिल्ह्यातील चिखली हे तालुक्याचे शहर डोळ्यांपुढे येते. पण ते शहर या महामार्गावर नाही, टप्प्यातील चिखली हे महामार्गावरचे वेगळे गाव आहे. म्हणून नोंदी नावावरून न जुळविता जनगणनेच्या किंवा स्थानिक शासन निर्देशिकेच्या गाव संकेतांकावरून जुळविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

(५) कालानुरूपता : माहिती कोणत्या तारखेची आहे? पूर्णा नदीवरील जिगाव सिंचन प्रकल्प नांदुरा तालुक्यातच आहे. त्याच्या बुडीत क्षेत्रातील गावांचे पुनर्वसन नव्या गावठाणांत होत असल्याने गावाचे नाव तेच राहते, पण जागा बदलते आणि रस्तेही बदलतात. जुन्या जागेपर्यंतचे अंतर मोजणारा अभ्यास मग लोक जेथे राहत नाहीत तेथला ठरतो. कालाचे दुसरे रूप ऋतूचे आहे. काळ्या मातीतील जी पाणंद उन्हाळ्यात बैलगाडीस व ट्रॅक्टरला मोकळी असते, ती पावसाळ्यात पायी चालणाऱ्यासही बंद होते. म्हणून या भागाच्या अभ्यासात उन्हाळी जाळे व पावसाळी जाळे अशी दोन जाळी करणे हितावह आहे. पृष्ठभागाची नोंद नसलेल्या माहितीतून ती करता येत नाहीत.

हिशेबाची रीत

पूर्णता मोजण्याची रीत एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका परिसरात ग्रामीण मार्गांची प्रत्यक्ष लांबी ४० किलोमीटर आहे आणि अंकीय माहितीत ती ३६ किलोमीटर भरते. नुसता भागाकार केला तर पूर्णता ९० टक्के दिसते. परंतु प्रत्यक्ष रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ठरावीक रुंदीचा पट्टा आखून, त्या पट्ट्यात अंकीय रेषेचा किती भाग पडतो हे पाहिले असता केवळ ३१ किलोमीटरच जुळले, असे समजू. मग खरी पूर्णता ७७.५ टक्के होते. ९ किलोमीटर रस्ते सुटले आहेत आणि माहितीतील ५ किलोमीटर, म्हणजे सुमारे १४ टक्के लांबी, जमिनीवर नाही. एकूण बेरजेत या दोन चुका एकमेकींस झाकून टाकतात. तपासणी करणाऱ्याने या दोन्ही चुका स्वतंत्रपणे सांगितल्या पाहिजेत.

स्थानाच्या अचूकतेसाठी चौक, पुलाचे टोक, शाळेचे फाटक असे ठळक बिंदू निवडतात व नकाशातील आणि प्रत्यक्ष स्थानातील फरक मोजतात. समजा, पाच बिंदूंवर ३, ४, ६, ५ व १२ मीटर फरक आला. सरासरी ६ मीटर होते. फरकांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढली व तिचे वर्गमूळ घेतले, तर उत्तर सुमारे ६.८ मीटर येते. ही दुसरी रीत मोठ्या चुकीला अधिक वजन देते, म्हणून सर्वेक्षणात ती पसंत केली जाते. मोबाइल फोनवरील स्थाननोंद मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटरपर्यंत चुकू शकते, हे येथे ध्यानात ठेवावे. ज्या काट्याने तोलायचे तो मालापेक्षा खात्रीचा हवा. म्हणून एका बिंदूवर अनेक वेळा नोंद घेऊन सरासरी काढावी आणि फार बारीक फरकांवरून निष्कर्ष काढू नये.

गाड्यांच्या वेळापत्रकाची माहिती

रस्ता असणे आणि वाहन मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक वाहतुकीची माहिती अंकीय स्वरूपात मांडण्याचा एक नमुना २००५ च्या सुमारास अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या वाहतूक संस्थेने व गुगलने मिळून तयार केला. थांबे, मार्ग, फेऱ्या व वेळा यांचे त्यात स्वतंत्र तक्ते असतात. आपल्या देशात २०१८ साली कोची मेट्रोने व दिल्लीच्या परिवहन विभागाने अशी माहिती खुली केली. ग्रामीण एस.टी. सेवेस हा नमुना लावताना काही अडचणी येतात. फाट्यावर हात दाखवून थांबणारी गाडी, रात्री गावी मुक्काम करून पहाटे निघणारी गाडी, केवळ शाळेच्या दिवशी धावणारी फेरी, पूल पाण्याखाली गेल्यावर वळविलेला मार्ग, या सर्वांची नोंद झाली नाही तर तक्ता पूर्ण दिसूनही अपुरा राहतो.

प्रवाशांच्या आकडेवारीसोबत तारीखही तपासली पाहिजे. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपामुळे सेवा विस्कळीत होती. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, तर मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. या टप्प्यांच्या अलीकडील व पलीकडील आकडे एकत्र मिसळल्यास लोकांच्या प्रवासाचे खरे चित्र उमटत नाही.

चुकीची किंमत

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या व सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे अभिप्रेत आहे. समजा, एक वस्ती शाळेपासून सरळ रेषेत ८०० मीटरवर आहे, पण मध्ये नाला असल्याने प्रत्यक्ष वाट २ किलोमीटर ४०० मीटरची आहे. सरळ अंतर धरणारा तक्ता या वस्तीस ‘सोय आहे’ असे म्हणेल. रस्त्यांचे जाळे वापरले, पण नाल्यावर नसलेला पूल त्यात दाखविला असेल, तरीही उत्तर तेच चुकीचे येईल. उलटपक्षी, बांधलेला पूल माहितीत नसेल तर गरज नसलेल्या ठिकाणी खर्च होईल. रुग्णवाहिकेच्या वेळेचा हिशेबही असाच आहे. कच्च्या रस्त्यावर डांबरी रस्त्याचा वेग धरला तर कागदावरील वीस मिनिटे पावसाळ्यात किती होतील, हे त्या रस्त्याच्या कडेला राहणारी माणसेच सांगू शकतात.

गावपातळीवरील पडताळणी

ही पारख केवळ तज्ज्ञांनीच करावयाची आहे असे नाही. ग्रामपंचायत, शाळा व तलाठी यांना मिळून पुढील क्रमाने ती करता येईल.

प्रथम, तपासणीचा हेतू ठरवावा. शाळेच्या अंतरासाठी पायवाटा महत्त्वाच्या, तर कापूस-सोयाबीनच्या वाहतुकीसाठी रुंदी व पृष्ठभाग महत्त्वाचा. एकाच माहितीचा संच एका कामास योग्य आणि दुसऱ्यास अयोग्य ठरू शकतो.

दुसरे, गाव नकाशा, जिल्हा परिषदेची रस्त्यांची नोंद व अंकीय नकाशा शेजारी ठेवून फरकांची यादी करावी. कोणत्याही एका नोंदीस आधीच अंतिम मानू नये. नोंदवहीही जुनी झालेली असू शकते.

तिसरे, प्रत्येक प्रकारच्या रस्त्यांतून काही तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडावेत व प्रत्यक्ष पाहावेत. सोयीचे, जवळचे रस्तेच पाहिल्यास निष्कर्ष आपोआप चांगला येतो, पण तो खरा नसतो.

चौथे, एस.टी. थांब्यापासून दहा ठिकाणे निवडून संगणकाने दिलेले अंतर व वेळ, आणि प्रत्यक्ष प्रवासात लागलेले अंतर व वेळ यांचा तक्ता करावा. एखादे ठिकाण ‘पोहोचता येत नाही’ असे दिसल्यास तेथे तुटलेला दुवा शोधावा. हीच तपासणी पावसाळ्यात पुन्हा करावी.

पाचवे, तपासणीची तारीख, तपासलेली लांबी व आढळलेल्या चुका लिहून ठेवाव्यात आणि त्या संबंधित विभागास कळवाव्यात. खुल्या नकाशात तर ही दुरुस्ती गावातूनच करता येते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना भूगोल व गणिताचा हा उत्तम प्रात्यक्षिक पाठ होईल. फक्त महामार्ग व लोहमार्गालगतची नोंद मोठ्यांनीच करावी.

माहिती सर्वस्वी निर्दोष असावी, ही अपेक्षा कोणत्याही देशात पुरी झालेली नाही. तिच्यात कोठे व किती उणीव आहे हे ठाऊक असले, म्हणजे तिचा उपयोग जपून करता येतो. यास्तव अंतराच्या वा वेळेच्या आधारे केलेल्या प्रत्येक प्रस्तावासोबत, वापरलेली रस्त्यांची माहिती कोणत्या तारखेची आहे व गावात ती पडताळली आहे काय, हे एका ओळीत नमूद करण्याची प्रथा पडली पाहिजे. ग्रामसभेपुढे आलेल्या अशा प्रस्तावावर पंचायत सदस्यांनी हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.